साडेसातची चकती

मी एक जुनी तांब्याची चकती आहे. आकाराने जेमतेम तळहाताएवढी. मधोमध एक मोठे गोल भोक आणि कडेला बोल्ट जाण्यासाठी चार लहान भोके. गॅरेजमध्ये मला हेड गॅस्केट म्हणतात. मोटारसायकलच्या इंजिनात खाली सिलिंडर असतो आणि त्याच्यावर झाकणासारखे हेड बसते. त्या दोघांच्या मध्ये मला ठेवतात आणि वरून बोल्ट आवळतात. माझी जागा ती. अंधारी, गरम आणि चिणून टाकल्यासारखी.

तुमच्यापैकी कोणी मला कधी पाहिले नसेल. मोटारसायकल आवडली की लोक टाकीचा रंग बघतात, सायलेन्सरचा आवाज ऐकतात, आरशात स्वतःचे केस नीट करतात. "गॅस्केट काय छान आहे हो तुमचं!" असे म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

तेव्हा मित्रांनो, माझा स्वभाव आधीच सांगून टाकते. मी हेवेखोर आहे. दुसऱ्याचे कौतुक ऐकले की माझ्या कडा तापतात. आणि सगळ्यांत जास्त तापल्या त्या एकीमुळे. ती माझ्याच जातीची, माझ्याच मापाची, फक्त अंगाने पातळ. तिचे खरे नाव म्हणजे पाकिटावर छापलेला नुसता एक आकडा होता. मी तिला मनातल्या मनात नाजुका म्हणत असे.

माझा जन्म दोन बहिणींच्या गॅरेजमध्ये झाला. थोरलीला सगळी गल्ली ताई म्हणे. वडिलांच्या मागे तिनेच धातू कातायचा लेथ चालवला आणि गॅरेज सांभाळले. इंजिन उघडायचे, घासायचे, मोजायचे आणि पुन्हा बांधायचे हे तिचे काम. धाकटीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसेल तर शपथ! ताईने बांधलेली मोटारसायकल ती चालवत असे. शहरातल्या एका तपासणी केंद्राने तिला काम दिले होते. डोंगरापलीकडच्या गावात एक लहान दवाखाना होता. तिथून रुग्णांच्या रक्ताचे नमुने थंड पेटीत घालून घाट ओलांडून शहरात आणायचे. जाताना घाट आणि येतानाही घाट.

ती मोटारसायकल त्यांनी जुनी विकत घेतली होती. आधीचा मालक तिला शर्यतीत पळवायचा. त्याने आत फुगीर डोक्याचा पिस्टन घातला होता. बहिणींनी गाडी घरी आणली, साधे पेट्रोल भरले आणि पहिल्याच चढावर आतून आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्यात कोणी खडे खुळखुळवावेत तसा.

हा आवाज कसला, ते सांगते. पिस्टन वर येतो तेव्हा तो हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबतो. नऊ वाट्या मिश्रण दाबून एका वाटीच्या जागेत बसवले, तर त्या इंजिनाचे कॉम्प्रेशन नऊ. जितके जास्त दाबाल तितका जोर जास्त. पण प्रत्येक पेट्रोलची सोसायची एक हद्द असते. भारी पेट्रोल जास्त दाब सोसते. साधे पेट्रोल फार दाबले तर ठिणगीने सुरू केलेली आग सगळीकडे पोचायच्या आत कोपऱ्यातले पेट्रोल आपल्या आपणच भडकते. मग पिस्टनच्या डोक्यावर घाव बसायला लागतात. तो आवाज त्या घावांचा. मिस्त्री लोक त्याला नॉकिंग म्हणतात.

ताईने इंजिन उघडले. स्पार्क प्लगच्या भोकातून मोठ्या सिरिंजने पातळ तेल सोडून आतली जागा मोजली. पाटीवर हिशेब मांडला आणि तोंडाने "हंऽ" केले.

"साडेनऊ आहे," ती म्हणाली. "पलीकडच्या गावात पेट्रोल कुठलं मिळतं?"

"पंपवाल्या काकांकडे एकच टाकी आहे. साधं," भिंगरी म्हणाली.

"मग साडेनऊ चालायचं नाही. जागा वाढवावी लागेल."

नवीन पिस्टन मागवायला वेळ नव्हता. काम दुसऱ्याच दिवसापासून सुरू होणार होते. ताईने कोपऱ्यात पडलेल्या पाणी तापवायच्या जुन्या टाकीचा जाड तांब्याचा पत्रा उचलला. त्यातून तिने मला कापले. कानशीने माझ्या कडा घासल्या, बोटाचे टोक कडेवरून फिरवून बघितले आणि मला आत बसवले. माझ्या जाडीमुळे हेड थोडे वर उचलले गेले, आतली जागा वाढली आणि कॉम्प्रेशन साडेसातवर आले. आवाज बंद!

"साडेसात?" भिंगरीने कपाळाला हात लावला. "ताई, ही तर माझी साडेसाती लागली म्हण की!"

दोघी हसल्या. मला मात्र ते तेव्हाच लागले. जन्माला येऊन घटकाही झाली नव्हती आणि थट्टा सुरू.

पण मित्रांनो, मी काम चोख केले. ऊन असो, वारा असो, पलीकडच्या पंपावरचे कसलेही पेट्रोल असो, मी आग आतच धरून ठेवली. एकदाही कडेतून फुंकर सुटू दिली नाही. काकांच्या टाकीत कधी पाणी मिसळायचे, कधी तळाचा गाळ यायचा. गाडी खोकायची, शिंकायची, पण नमुन्यांची पेटी शहरात पोचायची. तपासणी केंद्रातल्या बाई म्हणायच्या, "ही पोरगी म्हणजे घड्याळ आहे." पोरगी! मी आत भाजून निघत होते आणि घड्याळ कोण, तर पोरगी. गल्लीतले लोक म्हणायचे, "ताईच्या हाताला काय गुण आहे!" म्हणजे हातालाही कौतुक मिळाले. तांब्याला कोण विचारतो?

असे दिवस चालले असताना घाटात एक निळी मोटारसायकल दिसू लागली. नवी कोरी, टाकीवर बोट ठेवले तर ठसा उमटेल अशी. तिच्यावरच्या तरुणालाही त्याच केंद्राने नमुने आणायला ठेवले होते. भिंगरीने त्याचे नाव निळ्या ठेवले. निळ्या प्रत्येक चढावर तिच्या बाजूने सूऽऽ करत पुढे जायचा आणि वर हात करायचा. तो हात ओळखीचा होता की चिडवण्याचा, हे कळायला मार्ग नव्हता. भिंगरीने तो चिडवण्याचाच धरला.

त्यातच केंद्रातल्या बाईंनी सांगितले, "पुढच्या महिन्यापासून घाटाच्या रस्त्यावर दोघांचं काम नाही. एकालाच ठेवणार. कोण लवकर येतं, ते बघू."

त्या संध्याकाळी भिंगरी गॅरेजमध्ये आली ती हेल्मेट बाकावर आदळतच.

"ताई, ती जाड चकती काढ."

"का?"

"का म्हणजे? गाडी नाहीये ही, बैल आहे. पाचव्या वळणावर मी दुसऱ्या गियरमध्ये कण्हत असते आणि तो निळ्या शीळ घालत जातो."

"साधं पेट्रोल त्याहून जास्त सोसायचं नाही, भिंगरे."

"मग मी शहरातून भारी पेट्रोल भरीन. जाऊन येऊन पुरतं टाकीभर."

"आणि एखाद्या दिवशी नाही पुरलं तर?"

भिंगरीने हेल्मेट पुन्हा उचलले. मग एकदम म्हणाली, "तुला मी पुढे गेलेली बघवत नाही ना? ताईचं गॅरेज, ताईचा हात, ताईला विचारा. मी म्हणजे नुसती ताईची बहीण."

ताईने हातातला पाना खाली ठेवला. "आणि तू घाट उतरून आलीस की सगळी गल्ली तुझ्याभोवती गोळा होते. माझी काळी नखं बघायला कोण येतं गं?"

दोघींनी एकमेकींकडे बघितले नाही. मी गाडीत बसून सगळे ऐकत होते. खरे सांगू? मला बरे वाटले. वाटले, आपण एकट्याच जळत नाही.

ताई तेव्हा बधली नाही. बधली ती दोन दिवसांनी. एक गिऱ्हाईक दुरुस्तीला दिलेली स्कूटर न्यायला आले होते. ताईने त्यांची स्कूटर आवाज न करता सुरू करून दाखवली. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "छान. पण ती निळी मोटारसायकल पाहिलीत का तुम्ही? तिचं इंजिन कुणी बांधलंय कोण जाणे. याला म्हणतात हात!"

ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गिऱ्हाईक गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत तिने फडताळातून एक कागदी पाकीट काढले. पाकिटात नाजुका होती. कारखान्यात बनलेली, चकचकीत, जाडीने पोस्टकार्डाएवढी, भोकांभोवती पोलादाची बारीक किनार. मी म्हणजे घरी फोडणीच्या पळीसारखी ठोकून काढलेली, आणि ही काठापदराची!

"भारी पेट्रोलच घालायचं," ताईने भिंगरीला बजावले. "काकांच्या पंपावर थांबायचंसुद्धा नाही. कबूल?"

"कबूल, कबूल, शंभरदा कबूल!"

बोल्ट सैल झाले. कितीतरी काळाने मला उजेड दिसला. ताईने मला फडक्याने पुसले आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून टाकले. माझ्या जागेवर नाजुका बसली. कॉम्प्रेशन पुन्हा साडेनऊ.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, ते माझे मला माहीत. खिळ्यावरून सगळे दिसायचे आणि सगळे ऐकू यायचे. गाडी सुरू झाली की आवाज कसा घुमायचा! भिंगरी यायची ती गालांवर लाली घेऊन. "ताई, आज त्याला तिसऱ्या वळणावरच मागे टाकलं!" "ताई, आज त्यानं हात केला तेव्हा मीच आधी केला!" ताई वरवर म्हणायची, "हळू चालव गं," पण तिच्याही अंगावर मूठभर मांस चढलेले मला दिसत होते. ते स्कूटरवाले गिऱ्हाईक मुद्दाम आले आणि म्हणाले, "ताई, मानलं तुम्हाला." त्या दिवशी ताई काम करता करता गुणगुणली.

मी धुळीत लटकत होते. माझा तांबूस रंग जाऊन हिरवट डाग पडायला लागले होते. एकदा एक कोळी माझ्या मधल्या भोकात जाळे विणून गेला. आणि नाजुका रोज डोंगर बघून येत होती. म्हणजे इंजिनाच्या आतून काही दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण हेवा वाटायला लागला की असल्या गोष्टी आठवत नाहीत. मी रोज मनात म्हणायचे, हिला एकदा काकांच्या पंपावरचा घोट पाजा. मग बघू नखरे.

तशी वेळ आली.

एका सकाळी शहरातल्या पंपावर पाटी लागली होती, 'भारी पेट्रोल संपले आहे.' भिंगरीच्या टाकीत आदल्या दिवशीचे थोडे शिल्लक होते. त्यावर घाट चढून उतरणे जमले. पलीकडच्या दवाखान्यात सिस्टर तिची वाटच बघत होत्या. एक बाळंतीण रात्रीपासून तापाने फणफणली होती. तिच्या रक्ताचा नमुना तातडीने पोचवायचा होता. कोणते औषध द्यायचे ते त्या तपासणीवर ठरणार होते. घाटाजवळच्या एका वस्तीवरचे नमुने घेऊन निळ्याही तिथे आला होता. पेट्या दोन होत्या, एक निळ्याची आणि एक या तातडीच्या नमुन्याची. सिस्टर म्हणाल्या, "जो लवकर पोचेल त्यानं ही न्यावी."

"मी नेते," भिंगरी म्हणाली.

टाकीचा तळ दिसत होता. ती काकांच्या पंपावर गेली.

"बरेच दिवसांनी आठवण झाली आमची," काका नळी काढत म्हणाले. "भारी पेट्रोल प्यायला लागली म्हणे तुझी गाडी. आमच्याकडे मात्र तेच आहे हां, साधं."

"घाला," भिंगरी म्हणाली.

पुढचे सगळे मी नंतर गॅरेजमध्ये ऐकले, तिच्याच तोंडून. भर दुपारचे ऊन, तापलेला रस्ता आणि उभा चढ. दुसऱ्याच वळणावर खड्यांचा आवाज सुरू झाला. तो आवाज तिने ओळखला. हात सैल करावा, गियर कमी करावा, सावलीत गाडी घडीभर थांबवावी, हे सगळे तिला ठाऊक होते. इतक्यात मागून निळ्या आला आणि पुढे गेला. भिंगरीने हात सैल केला नाही. उलट पिळला.

गाडी आणखी दोन वळणे ओरडत चढली. मग आतून एक फुसका आवाज झाला, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला आणि मागचे चाक जागीच अडकले. भिंगरी पडली. गुडघा सोलला. नमुन्यांची पेटी मात्र तिने छातीशी बांधली होती, ती शाबूत राहिली.

पुढे गेलेल्या निळ्याला आरशात ती दिसेना, म्हणून तो परत फिरला. येऊन त्याने आधी गुडघा बघितला, मग गाडी.

"साधं भरलंस?"

तिने मान हलवली.

"वेडी आहेस का? साडेनऊ-दहाच्या इंजिनात?" तो म्हणाला. "माझ्या गाडीला मागे डबा बांधलेला दिसत नाही तुला? रोज शहरातून वाहतो मी. एकदा डबा सांडला तर काकांच्या पंपासमोर तीन तास बसून होतो. तुझा किती हेवा वाटायचा मला! तू आपली कुठंही थांबतेस, कुठलंही भरतेस आणि निघतेस."

भिंगरी म्हणे तिथेच रस्त्यावर बसून हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. मग त्याने दोन्ही पेट्या बांधल्या, तिला मागे बसवले आणि घाट उतरवला. नमुना वेळेत पोचला. तपासणी झाली, दवाखान्याला औषध कळवले आणि दुसऱ्या दिवशी बाळंतिणीचा ताप उतरला.

गाडी टेम्पोत घालून गॅरेजमध्ये आली. ताईने हेड उघडले. पिस्टनच्या फुगीर डोक्याला आरपार भोक पडले होते, मेणात तापलेली सळई खुपसावी तसे. आणि नाजुका? तिची पोलादी किनार एका बाजूने जळून तुटली होती. ताईने तिला चिमट्याने उचलले आणि भंगाराच्या डब्यात टाकले. टिण्ण.

मी खिळ्यावरून बघत होते. मला वाटले होते, या दिवशी मी आनंदाने नाचेन. नाचले नाही. पण खोटे कशाला बोलू, वाईटही फारसे वाटले नाही. मी एवढाच विचार केला की आता जागा रिकामी झाली.

भिंगरी गुडघ्याला पट्टी बांधून बाकावर बसली होती. "मला आवाज आला होता, ताई," ती म्हणाली. "कळलं होतं मला. तरी पिळला."

ताईने पिस्टनच्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवले. "आणि मला ती पातळ चकती बसवतानाच कळत होतं," ती म्हणाली. "पण त्या माणसानं दुसऱ्याच्या हाताचं कौतुक केलं ना माझ्यासमोर. माझं डोकं फिरलं."

मग तिने खिळ्यावरून मला काढले.

मित्रांनो, तो क्षण! तिने कोळ्याचे जाळे पुसले. गॅसच्या ज्योतीवर मला धरून लालबुंद केले आणि पाण्यात बुडवले. चुर्र झाले. तांबे वापरून वापरून कडक होते. असे तापवून बुडवले की पुन्हा मऊ होते आणि नव्यासारखे चपखल बसते. माझे काळे पापुद्रे गळून पडले. मी पुन्हा झळकले. नवा पिस्टनही फुगीरच मिळाला होता; आत किती फट राहते ते कळायला त्याच्यावर सोल्डरच्या मऊ तारेचे तुकडे ठेवून ताईने मला जागेवर बसवले, हेड आवळले, इंजिन हाताने एकदा फिरवले आणि पुन्हा उघडले. ते तुकडे किती चेपले, ते तिने मायक्रोमीटरमध्ये धरून मोजले. मी ऐटीत होते. माझेच दिवस परत आले होते!

"हेच चुकत होतं," ताई म्हणाली.

काय चुकत होते?

"हे बघ भिंगरे, तुकडे चेपलेच नाहीत नीट. जाड चकतीनं दाब कमी केला, पण पिस्टनच्या कडेला मोठी फट ठेवली. त्या फटीतलं पेट्रोल रेंगाळत जळतं. म्हणून गाडी तापायची आणि ओढायची नाही."

"म्हणजे माझं बरोबर होतं?"

"अर्धं."

"आणि तुझं?"

"माझंही अर्धंच. आवाज बंद झाला म्हणून मी तिथंच थांबले. पेट्रोल बदलता येत नाही, हे खरं होतं. पण दाब कमी करायला दुसरी चांगली वाट होती. ती मी शोधली नाही."

तिने नवा पिस्टन लेथवर चढवला. त्याच्या फुगीर डोक्यावरून हत्यार फिरू लागले आणि चांदीसारखा कीस उडू लागला. मध्येच थांबून ती डोक्याची जाडी मोजायची, मग पुन्हा थोडे खरवडायची. फुगवटा बराचसा गेला. मग तिने फडताळातून नवे पाकीट काढले. पाकिटात दुसरी नाजुका! पहिलीची जुळी बहीण जणू. ती बसली, आणि या खेपेला सोल्डरचे तुकडे कागदासारखे चेपले. सिरिंजने तेल सोडून ताईने पुन्हा हिशेब केला.

"सव्वाआठ," ती म्हणाली. "काकांच्या पेट्रोलवर चालेल आणि घाटही ओढेल."

ती चाचणीला स्वतः भिंगरीच्या मागे बसून गेली. परत आल्या तेव्हा दोघींचे केस विस्कटलेले होते आणि दोघी एकाच वेळी बोलत होत्या. आणि मी, ताजी मऊ झालेली, चकाकणारी, बाकावर पडून होते. अंगाचा तिळपापड होणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले. मला चुकीचे ठरवले असते तरी चालले असते. अर्धे बरोबर ठरवून बाजूला ठेवले, हे फार लागले.

घाटाचे काम त्या महिन्यात निळ्यालाच मिळाले. बाईंनी शब्द दिला होता, तो पाळला. पण पलीकडच्या गावाच्याही पुढे आणखी वस्त्या होत्या. तिथले नमुने आणायला कोणी तयार नव्हते, कारण वाटेत काकांच्या पंपाखेरीज काही नव्हते. निळ्यानेच बाईंना सांगितले, "माझ्या गाडीचं ते काम नाही. भिंगरीला विचारा." तिने ते घेतले. घाटात भेटले की आता दोघेही हात वर करतात.

आणि माझे काय झाले? सांगते.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक जनरेटर होता. वीज गेली की लशींचे फ्रिज त्यावर चालायचे. कोणी तरी कधी काळी आमच्याच जातीच्या मोटारसायकलचे इंजिन काढून त्याला जोडले होते. एकदा सिस्टरनी भिंगरीला सांगितले, "अगं, तुझ्या बहिणीला आण ना. हे यंत्र फार ठोके मारतंय. एखाद्या दिवशी बंद पडलं तर सगळ्या लशी वाया जातील."

ताई आली. तिने आधी इंजिनाला हात लावला नाही. पेट्रोलचा डबा उघडून वास घेतला.

"हे किती दिवसांचं आहे?"

"वीज रोज थोडीच जाते?" सिस्टर म्हणाल्या. "भरून ठेवतो आणि लागेल तसं वापरतो. महिनोन्‌महिने पुरतं."

"शिळं झालंय. शिळं पेट्रोल साध्याहूनही कमी सोसतं. इथं ताजं आणत चला, पण तुमच्याकडून ते रोज होणार नाही, हेही खरं. या इंजिनाला ना घाट चढायचाय ना कुणाला मागे टाकायचंय. एका चालीनं हळूहळू चालायचंय." तिने पिशवीत हात घातला. "याला दाब कमीच बरा."

तिने मला काढले. मित्रांनो, तिने मला सोबत आणले होते!

तेव्हापासून मी इथे आहे. वीज गेली की दोरी ओढतात आणि मी कामाला लागते. डब्यात कसलेही पेट्रोल असो, आग धरून ठेवते. पहिल्या दिवशी इंजिन सुरू झाले तेव्हा ताईने लांब पेचकसाचे टोक त्यावर टेकवले, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकले. मग भिंगरीला जवळ बोलावून पेचकस तिच्या हातात दिला.

भिंगरीने पुष्कळ वेळ कान लावला. "काहीच ऐकू येत नाही गं," ती म्हणाली.

"तेच ऐकायचं असतं," ताई म्हणाली.

एवढे कौतुक मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाले. तेही नाव न घेता. पण मी ते जपून ठेवले आहे.

हेवा गेला का, असे विचाराल. नाही गेला. भिंगरी रोज येते, गाडी भिंतीपलीकडे लावते. आत सव्वाआठच्या ऐटीत नाजुका बसलेली असते, दूरच्या वस्त्या फिरून आलेली. माझी मात्र ही खोली, हा धूर, हे चार बोल्ट. ती निघून गेली की माझ्या कडा थोड्या तापतात. मग वीज जाते, सिस्टर धावत येतात, दोरी ओढतात, आणि मला तिचा विचार करायला सवड राहत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल, कदाचित इंजिनेही बांधाल. दुसऱ्याची गाडी किती पळते हे बघून आपल्या इंजिनाचा दाब ठरवू नका. ती गाडी पाठीवर कसला डबा वाहते, हे तुम्हाला ठाऊक नसते. आधी आपल्या वाटेवरच्या पंपावर जा आणि तिथे काय मिळते ते विचारा. मग मोजा. आवाज बंद झाला म्हणून मोजणे सोडू नका. आणि चढावर कधी खड्यांचा आवाज आला, तर पुढे कोण गेले ते बघू नका. हात सैल करा, गाडी सावलीला घ्या. आत कोणीतरी तुमच्यासाठी आग धरून बसलेले असते. तिला थोडे निवू द्या.